लष्कराच्या कागदावर 'कुमुद देवी', घरात शुभांगी

पत्र (थोडं आटोपशीर करून आणि नावं बदलून):

"मी १९७३ मध्ये लष्करात भरती झालो आणि १९९९ मध्ये नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. इंदूरला सुदामा नगरात आमचं घर आहे. मध्यंतरी 'स्पर्श'च्या (संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलच्या) कामासाठी मी आणि सौभाग्यवती कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो होतो. तिथल्या मुलाने स्क्रीनवरचं वाचून विचारलं, 'अंकल, ये कुमुद देवी कौन हैं?' माझ्या बायकोचं नाव शुभांगी. माहेरचं कुमुदिनी, घरात कुमुद म्हणायचे. १९८० च्या डिसेंबरात आमचं लग्न झालं. सुट्टी संपवून युनिटमध्ये परतल्यावर कंपनी क्लार्कने बायकोचं नाव विचारलं. माझ्या तोंडून सवयीने 'कुमुद' निघालं, त्याने पुढे 'देवी' जोडलं. वय विचारलं तर मी म्हणालो, अठरा पूर्ण असतील. त्याने १ जुलै १९६२ लिहून टाकलं. तिची खरी जन्मतारीख १४ नोव्हेंबर १९५९ आहे, ग्वाल्हेरच्या शाळेच्या दाखल्यावर तीच आहे आणि आधारवरही.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवला, सोबत आधारची झेरॉक्स लावली. अर्ज परत आला, 'पुरेसे दस्तऐवज नाहीत' असा शेरा मारून. मुलगा म्हणतो, बाबा, कशाला त्रास, आईचं आधारच 'कुमुद देवी' करून घेऊ. एक जण १२ हजारांत गॅझेट करून देतो म्हणतो. माझी स्वतःची जन्मतारीखही आर्मीत एक वर्ष आधीची आहे. शाळेच्या दाखल्यावर १९५३ आहे, आई सांगायची १९५४. आधार काढताना मी आईची सांगितली होती. तीही आताच दुरुस्त करून घ्यावी का?

त्या दिवसापासून ही गप्प असते. काल म्हणाली, 'तुमच्यानंतर मी कोण म्हणून उभी राहू?' मला उत्तर देता आलं नाही."

उत्तर:

सुभेदार साहेब, सप्रेम नमस्कार.

आधी वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. त्या तुमच्या पत्नी आहेत आणि तुमच्या मागे कुटुंब पेन्शनचा हक्क त्यांचाच आहे. कारकुनाने नाव चुकीचं लिहिलं म्हणून हा हक्क बुडत नाही. मात्र हक्क असणं आणि तो वेळेवर हातात पडणं यात फार अंतर असतं, आणि ते अंतर आज तुम्ही कमी करू शकता. तुम्ही हयात आहात, तुमची सही चालते, 'ही माझीच बायको' हे सांगणारा साक्षीदार तुम्ही स्वतः आहात. उद्या हेच काम वहिनींना एकटीने करावं लागलं तर तोच कागद चौपट जड होईल. माझ्या माहितीतल्या एका विधवा बाईंच्या पीपीओवर (पेन्शन देण्याच्या आदेशावर) माहेरचं नाव होतं आणि बाकी सगळीकडे सासरचं. पेन्शन सुरू झाली, पण मधल्या काळात घर मुलीच्या पगारावर चाललं. तेव्हा हे काम आता करायचं आणि नीट करायचं.

आता तुमचा अर्ज परत का आला ते सांगतो, कारण ते समजलं की पुढची वाट आपोआप दिसते.

तुम्ही लिहिलंत की कुमुद देवी हे नाव चुकीचं आहे, त्याजागी शुभांगी करावं, आणि शुभांगीचं आधार जोडलंत. आता रेकॉर्ड ऑफिसात बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याने तुम्हाला पाहिलेलं नाही, वहिनींनाही नाही. त्याच्यासमोर तुमचा शीट रोल, म्हणजे सेवानोंदीचा कागद आहे, त्यात १९८१ ची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नासारख्या घटनांची युनिटने केलेली नोंद आहे, तिच्यात कुमुद देवी नावाची पत्नी आहे, जन्म १९६२. तुमच्या अर्जात शुभांगी नावाची बाई आहे, जन्म १९५९. नाव वेगळं, जन्मतारीख वेगळी, आडनावाचा जुन्या नोंदीत पत्ता नाही. त्याच्या डोळ्यांना या दोन बायका दिसतात. पहिलीला काढून दुसरीला बसवण्याचे अर्ज या ऑफिसांत खरोखर येतात, आणि ज्या बाईचा हक्क असा बळकावला जातो तिला वाचवणं हेच त्या शेऱ्याचं काम असतं. त्यामुळे रागावू नका. तुम्ही 'माझ्या पत्नीचं नाव शुभांगी आहे' हे सिद्ध केलंत. सिद्ध करायचं होतं ते वेगळंच: कुमुद देवी, कुमुदिनी आणि शुभांगी ही एकच व्यक्ती आहे.

अख्खा अर्ज या एका वाक्याभोवती बांधा.

आपल्या मराठी घरांत ही अडचण इतरांपेक्षा जास्त येते. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, की नाव बदललं. त्या तांदळांची कुठल्याही सरकारी दफ्तरात नोंद होत नाही. मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं. त्यात आपण मध्य प्रदेशात राहणारे, म्हणजे हिंदीभाषक कारकुनाच्या हातून 'बाई' किंवा 'देवी' लागतं. काही ठिकाणी तर 'सौ.' हाच नावाचा भाग समजून टाइप केलेला मी पाहिला आहे. माझं स्पष्ट मत आहे की मुलीचं पहिलं नाव लग्नात बदलू नये. ज्यांना बदलायचंच आहे त्यांनी त्याच महिन्यात लग्नाची नोंदणी करून दोन्ही नावं एका कागदावर आणावीत. तुमच्या वेळी हे कोणी सांगितलं नाही, यात तुमचा दोष नाही.

तर आधी कपाट उघडा. जे जे कागद सापडतील ते पलंगावर मांडा आणि एका मोठ्या कागदावर उतरवून काढा: कोणत्या कागदावर वहिनींचं कोणतं नाव, कोणती जन्मतारीख, आणि इंग्रजीत असेल तर एकेक अक्षर जसंच्या तसं. डिस्चार्ज बुक, मूळ पीपीओ, त्यानंतर आलेले सगळे कॉर पीपीओ (दुरुस्तीचे पीपीओ), स्पर्शवरचं प्रोफाइल, ईसीएचएस (माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं) कार्ड, माजी सैनिकाचं ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, आधार, पॅन, मतदार कार्ड, मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी, बँकेचं जॉइंट पासबुक, घराची रजिस्ट्री, मुलांचे जन्मदाखले. शुभांगीचं इंग्रजी स्पेलिंग एका ठिकाणी शेवटी 'आय' आणि दुसरीकडे डबल 'ई' असं निघालं तर ते आत्ताच कळलेलं बरं. नाहीतर नव्या चुकीवर शिक्का बसेल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या ढिगात दोन प्रकारचे कागद सोन्यासारखे आहेत. पहिला प्रकार म्हणजे ज्यावर 'कुमुद देवी' हे चुकीचं नाव आहे आणि सोबत वहिनींचा फोटो आहे. लोक चुकीचं नाव दिसलं की तो कागद लपवतात किंवा फाडतात, आणि तिथेच फसतात. नोकरीत असताना युनिटने वहिनींना दिलेलं आश्रित ओळखपत्र जपून ठेवलं असेल तर तेच काढा. चेहरा शुभांगीचा, नाव कुमुद देवीचं, शिक्का लष्कराचा. यापेक्षा मोठा पुरावा तुम्हाला कुठल्याही कचेरीत मिळणार नाही. तसाच तुमच्या पेन्शनच्या कागदांसोबत १९९९ मध्ये लावलेला जॉइंट फोटो. त्याची प्रत तुमच्याकडे नसली तरी तो त्यांच्या फाइलमध्ये असतो, आणि अर्जात त्याचा उल्लेख करून 'आजच्या जॉइंट फोटोशी ताडून पाहावा' अशी विनंती करता येते. दुसरा प्रकार म्हणजे ज्या कागदावर वहिनींचं माहेरचं नाव त्यांच्या सासरच्या किंवा तुमच्या नावासोबत आहे. लग्नपत्रिका सापडली तर उत्तम. त्यावर 'चि. सौ. कां. कुमुदिनी' आणि तुमचं नाव शेजारी शेजारी असेल.

लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर ती करून घ्या. १९८० चं लग्न असलं तरी नोंदणी आज होते. इंदूरला हे काम नगर निगमात होतं. पत्रिका, त्या वेळचा एखादा फोटो आणि लग्नाला हजर असलेले साक्षीदार लागतात. वहिनींचे भाऊ ग्वाल्हेरहून येऊ शकत असतील तर त्यांनाच साक्षीला बोलवा, कारण बहिणीची दोन्ही नावं सांगणारा माहेरचा माणूस हा फार वजनदार साक्षीदार असतो. प्रमाणपत्रात विवाहापूर्वीचं नाव आणि विवाहानंतरचं नाव दोन्ही येतील असा आग्रह धरा.

जन्मतारखेसाठी ग्वाल्हेरच्या शाळेचा दाखला आहेच. तो जीर्ण झाला असेल तर शाळेच्या स्कॉलर रजिस्टरमधल्या नोंदीची मुख्याध्यापकांच्या सहीची नवी प्रत मागून घ्या. शाळा बंद झाली असेल तर जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा.

या तारखेकडे दुर्लक्ष करू नका, नावाइतकीच ती महत्त्वाची आहे. पेन्शनधारकाला आणि कुटुंब पेन्शन घेणाऱ्या पत्नीलाही वयाच्या ८० व्या वर्षापासून मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. खऱ्या तारखेप्रमाणे वहिनींची ऐंशी नोव्हेंबर २०३९ मध्ये पूर्ण होते, लष्कराच्या नोंदीप्रमाणे जुलै २०४२ मध्ये. मध्ये ३२ महिने जातात. समजा त्या वेळी मूळ कुटुंब पेन्शन १०,००० रुपये असेल, तर महिन्याला २,००० म्हणजे ६४,००० रुपये, शिवाय त्यावरचा महागाई भत्ता. कंपनी क्लार्कने अंदाजाने लिहिलेल्या एका तारखेमुळे ऐंशीच्या घरातल्या बाईच्या औषधपाण्याचे पैसे जावेत, हे मला मान्य नाही.

आता शपथपत्र. बहुतेक रेकॉर्ड ऑफिसं फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटसमोर केलेलं शपथपत्र मागतात. कोर्टाबाहेर बसलेल्या नोटरीचं शपथपत्र स्वस्तात होतं, पण पुष्कळदा तेवढ्याच कारणावरून अर्ज परत येतो. शपथपत्र तुमचं वेगळं आणि वहिनींचं वेगळं करा. मजकूर साधा ठेवा. तुमच्या शपथपत्रात आर्मी नंबर, हुद्दा, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ नंबर. मग: माझा विवाह अमुक तारखेला अमुक ठिकाणी झाला, पत्नीचं विवाहापूर्वीचं नाव कुमुदिनी, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, विवाहानंतरचं नाव शुभांगी आणि आपलं आडनाव, माझ्या लष्करी नोंदीत 'कुमुद देवी' म्हणून उल्लेख असलेली व्यक्ती ही हीच होय, तिची खरी जन्मतारीख १४ नोव्हेंबर १९५९ असून नोंदीतली १ जुलै १९६२ ही अंदाजाने नोंदवली गेली. आणि शेवटी एक वाक्य, जे लोक संकोचाने वगळतात: मला या पत्नीखेरीज दुसरी पत्नी नाही आणि पूर्वीही नव्हती. हे वाक्य लिहायला तुम्हाला अपमान वाटेल, वहिनींनाही वाटेल. तरीही लिहा. रेकॉर्ड ऑफिसच्या मनातल्या ज्या शंकेपायी अर्ज परत आला, तिचं उत्तर हे एकच वाक्य देतं.

वकिलाला मात्र 'नाव बदललं' असा मजकूर टाकू देऊ नका. तुम्ही आज नाव बदलत नाही आहात. ४५ वर्षं जे नाव आहे ते नोंदीत चुकलं, ते दुरुस्त करायचं आहे. नावबदल म्हटलं की गॅझेट आलं, आणि गॅझेट आलं की तो १२ हजारवाला गृहस्थ आला. त्याला नम्रपणे नाही म्हणा. रेकॉर्ड ऑफिसने लेखी गॅझेट मागितलं तरच त्या वाटेला जायचं, आणि तेव्हाही सरकारी फी भरून स्वतः अर्ज करता येतो. वर्तमानपत्रात जाहिरात मात्र सहसा लागते, एक इंग्रजी दैनिकात आणि एक स्थानिक भाषेतल्या, म्हणजे आपल्याकडे हिंदी दैनिकात. दोन्ही जाहिरातींत तिन्ही नावं आणि दोन्ही जन्मतारखा येऊ द्या. कात्रण न कापता पूर्ण पान ठेवा, वर दैनिकाचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे.

एवढं जमलं की थेट पोस्टात टाकू नका. आधी इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे कागदांची छाननी करून घ्या आणि अर्ज त्यांच्यामार्फत पाठवा. त्यांच्या पत्रासोबत गेलेल्या फाइलला वजन असतं आणि जावक नंबर पडतो. तुमच्याकडे कागदांचा एक पूर्ण संच राहू द्या, आणि मूळ दाखला किंवा मूळ पीपीओ कधीही पाठवू नका, साक्षांकित प्रत पुरते.

अर्ज जातो कुठे, हे तुमच्यासोबत वाचणाऱ्या बाकीच्या सैनिक कुटुंबांसाठी सांगतो, कारण अनेक जण सगळं प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला पाठवून वाट बघत बसतात. जवान आणि जेसीओंची (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांची) सेवानोंद ज्याच्या त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची बेळगावात, महार रेजिमेंटची सागरला, सिग्नल्सची जबलपूरला, आर्टिलरीची नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला, ईएमईची सिकंदराबादला. वायुदलाची दिल्लीत सुब्रतो पार्कला आणि नौसैनिकांची मुंबईत मानखुर्दला. नाव आणि जन्मतारीख दुरुस्त होते ती तिथेच. तिथे नोंद सुधारली की लष्कराचं रेकॉर्ड ऑफिस प्रयागराजच्या पेन्शनच्या पीसीडीएकडे (संरक्षण लेखा खात्याच्या कार्यालयाकडे) कळवतं, तिथून कॉर पीपीओ निघतो, आणि मग स्पर्शवर नवं नाव दिसतं. मोबाइल नंबर, पत्ता, बँक खातं यांसारख्या गोष्टी स्पर्शवर तुम्ही स्वतः बदलू शकता, पण पत्नीचं नाव आणि जन्मतारीख मुळात सुधारल्याशिवाय तिथे टिकत नाही. कॉमन सर्व्हिस सेंटरच्या मुलाने 'मैं यहीं से कर देता हूँ' म्हटलं तर त्याला थांबवा. स्पर्शवर तुमच्या माहितीची पडताळणी अजून बाकी असेल तर चुकीच्या माहितीला होकार देऊ नका.

मुलाच्या सूचनेबद्दल. त्याचा हेतू चांगला आहे, पण हे करू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. वहिनींचं आधार 'कुमुद देवी' आणि १९६२ केलंत की लष्कराशी ते जुळेल, पण पॅन, बँक, घराची रजिस्ट्री, नातवंडांच्या कागदांवरचं आजीचं नाव, सगळं त्याच दिवशी बेजुळ होईल. शिवाय १९६२ साठी पुरावा काय देणार? शाळेचा दाखला तर १९५९ म्हणतो. आणि या सगळ्याआधी एक गोष्ट आहे, जी मी फक्त कागदाच्या दृष्टीने बोलत नाही. वहिनींनी कुमुदिनी हे नाव एकदा तुमच्या घरासाठी सोडलं. आता एका कारकुनाच्या चुकीसाठी त्यांनी शुभांगीही सोडावं, असं त्यांना सांगू नका.

तुमच्या स्वतःच्या जन्मतारखेचं उत्तर नेमकं उलटं आहे. लष्करातली तारीख अजिबात हलवू नका, आधार दुरुस्त करा. सरकारी नोकराने स्वतःची जन्मतारीख दुरुस्त करायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावा, असा केंद्र सरकारचा सर्वसाधारण नियम आहे, आणि उशिरा केलेले असे दावे सुप्रीम कोर्टाने १९९३ च्या हरनाम सिंग प्रकरणापासून सातत्याने नाकारले आहेत. जनरल व्ही. के. सिंग लष्करप्रमुख असताना त्यांच्या बाबतीत काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. सेना मुख्यालयाच्या एका शाखेकडे जन्मवर्ष १९५० आणि दुसरीकडे १९५१ होतं. प्रकरण २०१२ च्या सुरुवातीला सुप्रीम कोर्टात गेलं, फेब्रुवारीत त्यांना अर्ज मागे घ्यावा लागला आणि १९५० च धरून ते त्या वर्षीच्या मे अखेरीस निवृत्त झाले. तुमची भरती, बढती, डिस्चार्ज, पेन्शन सगळं १९५३ वर उभं आहे आणि तुमचा शाळेचा दाखलाही तेच सांगतो. आईची आठवण खरी असेल, मला त्यात शंका नाही, पण ती वाढदिवसासाठी ठेवा. दाखला आणि पीपीओ घेऊन आधार केंद्रात जा आणि तिथे १९५३ करून घ्या. वाचकांनी मात्र यावरून असा अर्थ काढू नये की प्रत्येक बाबतीत आधारच बदलावं. जो जुना, अस्सल कागद आहे त्याच्या बाजूने बाकीचे कागद आणायचे. तुमच्या बाबतीत तो कागद लष्कराच्या बाजूने बोलतो, वहिनींच्या बाबतीत विरुद्ध, एवढाच फरक.

अर्ज गेल्यावर काय? पोचपावती आली की तारीख डायरीत लिहा. दोन-तीन महिन्यांत हालचाल दिसली नाही तर स्मरणपत्र, त्यात आधीच्या पत्राचा जावक नंबर. तेवढ्यानेही काही झालं नाही तर सीपीग्राम्स या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा, मुलगा दहा मिनिटांत करून देईल. माहितीचा अधिकार आहेच: १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याकडे तुमच्या शीट रोलमधल्या कुटुंबाच्या नोंदीची प्रत आणि त्या १९८१ च्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खरं तर हा अर्ज मी तुम्हाला आजच करायला सांगेन, दुरुस्तीच्या अर्जाची वाट न बघता, कारण तिथे नेमकं कोणतं अक्षर कसं लिहिलं आहे हे कळल्याशिवाय शपथपत्रात 'नोंदीत असं आहे' हे अचूक लिहिता येत नाही. 'कुमुद देवी' की 'कुमूद देवी', एवढ्यावरूनही फाइल अडते. संरक्षण खात्याचे पेन्शन समाधान मेळावेही भरतात. महूला किंवा जवळपास भरला तर फाइल घेऊन जरूर जा. अगदी लेखी नकारच आला तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल आहे आणि त्याचं खंडपीठ जबलपूरला आहे, म्हणजे दिल्ली गाठायला नको. पण पूर्ण कागद असतील तर तुमच्या प्रकरणात तिथवर जायची वेळ येणार नाही असं मला वाटतं.

कॉर पीपीओ हातात आला की लगेच चष्मा लावून वाचा. नाव, जन्मतारीख, नातं. त्यात चूक असेल तर त्याच आठवड्यात कळवा. मग त्याच्या प्रतीवरून माजी सैनिकाचं ओळखपत्र, ईसीएचएस आणि कॅन्टीन कार्ड या क्रमाने दुरुस्त करा. ईसीएचएसला उशीर करू नका, कारण हॉस्पिटलच्या काउंटरवर आधार आणि कार्डावरचं नाव जुळलं नाही तर वाद होतो तो अ‍ॅडमिट करण्याच्या वेळी, आणि तेव्हा वाद घालण्याच्या मनःस्थितीत कोणी नसतं.

तोपर्यंत एका मोठ्या लिफाफ्यात या सगळ्याची एकेक प्रत, तुमचा आर्मी नंबर, पीपीओ नंबर आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून वहिनींच्या हाती द्या. मुलाकडे नको, वहिनींकडे. त्यांच्यासमोर बसून कोणता कागद कशासाठी ते समजावून सांगा, म्हणजे त्यांच्या त्या प्रश्नावर पुन्हा गप्प बसायची वेळ येणार नाही. शपथपत्राचा मसुदा तयार झाला की सही करण्याआधी मला पाठवा. तिन्ही नावांचं स्पेलिंग आणि दोन्ही तारखा मी तुमच्या तक्त्याशी ताडून बघतो.